शेवटाकडून वाचलेला डाव

बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात. ‘मोठ्या खेळाडूंचे डाव बघा, असं सर सांगतात. मुलगी रोज बघते. पण चाली झरझर पुढे सरकतात आणि डाव संपतो. यातून ती शिकते काय?’ निवृत्तीनंतर कपाटातला पट पुन्हा बाहेर काढणाऱ्यांनाही हीच शंका येते.

प्रश्न रास्त आहे. पहिल्या चालीपासून डाव नुसता बघत गेलं, तर फारसं हाती लागत नाही. आजच्या अव्वल खेळाडूंच्या सुरुवातीच्या दहा-पंधरा चाली बऱ्याचदा घरच्या तयारीतून आलेल्या असतात. त्यामागे सहायकांचं आणि संगणकाचं काम असतं. अमुक प्यादं एकच घर का सरकलं, याचं कारण पटावर दिसत नाही. नवशिक्याचा सगळा उत्साह नेमका तिथेच खर्च होतो, आणि मोहरे कमी होऊन कारणं उघडी पडू लागतात तोवर त्याचं लक्ष उडालेलं असतं.

या प्रकरणात म्हणून एक डाव शेवटाकडून वाचायचा आहे. डी. गुकेश ज्या डावात जगज्जेता झाला, तोच हा डाव. तो निवडण्याचं कारण त्याची प्रसिद्धी नाही. जगज्जेतेपदाचा निकाल लावणाऱ्या त्याच्या शेवटच्या चार चाली समजायला दोनच गोष्टी माहीत असाव्या लागतात, आणि त्या दोन्ही शाळकरी मुलाला अर्ध्या तासात शिकवता येतात.

१. घरांची नावं

पटावरच्या उभ्या पट्ट्यांना डावीकडून उजवीकडे ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावं आहेत. आडव्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे आकडे आहेत. दोन्ही जोडले की घराचं नाव तयार होतं. पांढरा राजा डावाच्या सुरुवातीला ई१ वर असतो, काळा राजा ई८ वर. पुढचं सगळं वाचताना समोर पट मांडलेला असेल तर उत्तम. मोहरे हाताने हलवले की चाल जशी डोक्यात बसते, तशी पडद्यावर बोट फिरवून बसत नाही.

२. सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४

चीनचा डिंग लिरेन २०२३ मध्ये जगज्जेता झाला होता. त्याला आव्हान द्यायला चेन्नईचा अठरा वर्षांचा गुकेश सिंगापूरला गेला. सामना चौदा डावांचा होता. पहिला डाव डिंगने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. तिसऱ्यात गुकेशने परतफेड केली. अकरावा गुकेशने घेतला, तर लगेच बारावा डिंगने. तेरा डावांनंतर दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण झाले होते.

चौदाव्या डावात पांढरे मोहरे डिंगकडे होते. डाव बरोबरीत सुटला असता तर दुसऱ्या दिवशी जलद डावांवर निकाल लागणार होता, आणि त्या प्रकारात डिंगचं पारडं जड मानलं जात होतं. साहजिकच डिंगने मोहरे मारामारी करून कमी करायचा मार्ग धरला. २९व्या चालीला त्याने स्वतःहून एक प्यादं सोडलं, वजीर पटावरून गेले, पाठोपाठ हत्तींची एक जोडीही गेली. आता दोघांकडे राजा, एक हत्ती आणि पांढऱ्या घरांवरून चालणारा एक उंट उरला. गुकेशची प्यादी तीन, डिंगची दोन, आणि सगळी पटाच्या एकाच बाजूला.

अशा स्थितीत एक प्यादं जास्त असून सहसा भागत नाही. बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्यांसमोरच उभा असतो, त्याला कुठे धावावं लागत नाही. डाव बरोबरीत सुटणार, असंच बहुतेक जाणकारांना वाटत होतं. गुकेश मात्र खेळत राहिला.

३. पटावर नऊ मोहरे

आता पट मांडू या. काळ्याची ५४वी चाल नुकतीच झाली आहे.

पांढरा: राजा जी१, हत्ती एफ४, उंट ए८, प्यादं जी३.

काळा: राजा ई५, हत्ती बी२, उंट ई६, प्यादी एफ५ आणि जी४.

चाल डिंगची. काळ्या राजाने नुकताच ई५ वर येऊन पांढऱ्या हत्तीला डिवचलं आहे. पण हत्तीला जी३ च्या प्याद्याचा आधार आहे, त्यामुळे राजा त्याला मारू शकत नाही. हत्ती तिथून ए४ वर परत गेला असता, तर डाव आणखी बराच वेळ चालू राहिला असता.

डिंगने हत्ती एफ२ वर आणला आणि काळ्या हत्तीसमोर उभा केला. म्हणजे हत्तीला हत्ती द्यायची तयारी दाखवली. ही घोडचूक होती. ती घोडचूक का, हे पाहण्यासाठी डाव इथेच थांबवायचा आणि आधी दोन साध्या गोष्टी शिकून घ्यायच्या.

४. दोन राजे समोरासमोर

पटावरून बाकी सगळं काढून टाका. पांढरा राजा ई३ वर ठेवा, काळा ई५ वर. मध्ये एकच घर रिकामं आहे.

राजाला दुसऱ्या राजाला लागून उभं राहता येत नाही. त्यामुळे डी४, ई४ आणि एफ४ ही मधली तीन घरं दोघांनाही बंद आहेत. अरुंद दारात दोन माणसं समोरासमोर आली की जो आधी बाजूला होतो, तो दुसऱ्याला वाट देतो. इथेही तसंच. बुद्धिबळात मात्र आपली पाळी आली की चाल करावीच लागते, जागीच थांबून राहता येत नाही. पाळी पांढऱ्याची असेल तर पांढऱ्या राजाला सरकावं लागतं आणि काळा आत शिरतो. पाळी काळ्याची असेल तर उलट.

या रचनेला इंग्रजीतून आलेलं ‘ऑपोझिशन’ हेच नाव आपल्याकडच्या खेळाडूंच्या तोंडी आहे. समोरच्याला आधी हलायला लावणाऱ्याकडे ऑपोझिशन आहे, असं म्हणतात.

आता प्यादी परत मांडा. पांढऱ्याचं जी३ वर, काळ्याची एफ५ आणि जी४ वर. राजे तसेच, ई३ आणि ई५ वर. चाल पांढऱ्याची. पांढऱ्याचं प्यादं अडलेलं आहे, कारण समोर जी४ वर काळं प्यादं उभं आहे. एफ३ वर राजा जाऊ शकत नाही, ते घर जी४ चं प्यादं राखतं. पुढची तीन घरं बंद आहेतच. म्हणजे राजाला डी३, डी२, ई२ किंवा एफ२ एवढंच उरतं.

समजा, तो एफ२ वर गेला. काळा राजा घाईने ई४ वर गेला तर गफलत होते. पांढरा ई२ वर येतो, आणि आता समोरासमोर उभे राहून आधी हलायची पाळी काळ्याची! म्हणून काळा डी४ वर जातो. पांढरा ई२ वर आला की काळा ई४ वर. तीच समोरासमोरची रचना पुन्हा झाली, फक्त एक पट्टी खाली. पांढऱ्याला पुन्हा सरकावं लागतं. तो डी२ वर गेला, तर काळा एफ३ वर येऊन जी३ चं प्यादं घेतो. एफ२ वर गेला, तर काळा डी३ वरून वळसा घालून आत येतो आणि तेच प्यादं गाठतो.

आणि राजा सुरुवातीलाच डी३ वर गेला तर? मग तो प्याद्यांपासून एक पाऊल लांब पडलेला असतो. काळा लगेच एफ५ चं प्यादं एफ४ वर ढकलतो. पांढऱ्या प्याद्याने ते मारलं की शह बसतो, पण काळा राजा मारणारं प्यादं मारून एफ४ वर येतो. पांढरा राजा ई२ वर धावतो, तोवर काळा जी३ वर पोचलेला असतो. राजा आपल्या प्याद्याच्या पुढे, सहाव्या पायरीवर: कडेच्या पट्टीतलं प्यादं नसेल, तर एवढ्यावर डाव जिंकलेला समजावा. हे दोन्ही मार्ग वाचकाने स्वतः पटावर खेळून पाहावेत. पहिल्यांदा चुकेल. चुकलं की कुठे चुकलं ते शोधावं. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा अभ्यास हाच आहे.

५. कोपऱ्यातला उंट

दुसरी गोष्ट अगदी छोटी. रिकाम्या पटाच्या मधोमध उभा असलेला उंट तेरा घरांवर जाऊ शकतो, कारण त्याला दोन तिरक्या रेषा मिळतात. कोपऱ्यातल्या उंटाला एकच रेषा असते आणि तिच्यावर सात घरं.

मधल्या उंटावर एका रेषेतून हल्ला झाला तर तो दुसऱ्या रेषेने निसटतो. कोपऱ्यातल्या उंटाला दुसरी रेषाच नाही. त्याच रेषेवर शत्रूचा उंट येऊन बसला, की हा कितीही पुढेमागे सरकला तरी माऱ्यातच राहतो.

६. चार चाली

आता ५५व्या चालीकडे परत. पांढरा हत्ती एफ२ वर आहे.

गुकेशने हत्तीने हत्ती मारला. डिंगच्या राजाने तो हत्ती परत मारला आणि राजा एफ२ वर आला. पुढच्या चालीला गुकेशने ई६ चा उंट डी५ वर ठेवला. ए८ ते एच१ या लांब रेषेवर आता दोन उंट समोरासमोर आले. पांढऱ्याचा कोपऱ्यात, काळ्याचा मध्यात, आणि काळ्याच्या मागे ई५ वरच्या राजाचा आधार.

पांढऱ्या उंटाला सुटका नाही. बी७ वर जा, सी६ वर जा, मारला जाणारच. म्हणून डिंगने उंटाला उंट मारला. काळा राजा मारून डी५ वर आला. पांढरा राजा ई३ वर धावला आणि काळा राजा ई५ वर परतला.

पट पाहा: पांढरा राजा ई३, काळा ई५, पांढरं प्यादं जी३, काळी एफ५ आणि जी४, चाल पांढऱ्याची. चौथ्या भागात मांडलेली तीच स्थिती! डिंगने डाव सोडला. ५८ चाली झाल्या होत्या, आणि गुकेश साडेसात विरुद्ध साडेसहा गुणांनी अठरावा जगज्जेता झाला होता. १९८५ साली बाविसाव्या वर्षी जिंकणाऱ्या गॅरी कास्पारोव्हचा सर्वांत तरुण निर्विवाद जगज्जेतेपदाचा विक्रम त्या क्षणी मोडला.

गुकेशलाही हे सगळं एका नजरेत दिसलं नव्हतं. सामन्यानंतर त्याने सांगितलं, की डिंगची चूक आधी त्याच्या लक्षातच आली नाही, आणि तो आपला हत्ती बी३ वर न्यायच्या बेतात होता. मग त्याला उंट अडकतोय हे दिसलं, आणि पुढचा प्याद्यांचा डाव जिंकलेला आहे हेही. हत्ती बी३ वर गेला असता तर संधी तिथेच हुकली असती. शिकणाऱ्याने हा प्रसंग नीट लक्षात ठेवावा. मनात चाल ठरलेली असतानाही, समोरच्याने आत्ता काय बदललं हे पाहायला तो एकदा थांबला. जगज्जेतेपद त्या थांबण्यात होतं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

डिंगने हात मिळवल्यावर गुकेशचे अश्रू थांबेनात. त्याही अवस्थेत त्याने पटावरचे मोहरे उचलून एकेक करून मूळ जागी लावले.

७. आणखी थोडं मागे

शेवट समजला की मागे जायचं. उंट कोपऱ्यात गेला कसा?

५२व्या चालीला गुकेशचा हत्ती बी२ वर आला आणि बी पट्टीतून बी७ वरच्या उंटावर हल्ला झाला. डिंगने उंट ए८ वर सरकवला. तेव्हा ते बिनधोक दिसत होतं, कारण हत्ती पटावर होते. उंट सी६ वर गेला असता, तर पुढे काळा उंट डी५ वर आल्यावर त्याला दुसऱ्या रेषेने निसटता आलं असतं. पुढच्या दोन चालींत काळा राजा जी५ वरून एफ६ आणि मग ई५ वर आला. डी५ ला आधार देणारं घर तेच. राजा जी५ वरच राहिला असता, तर उंट डी५ वर ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

म्हणजे तीन गोष्टी जुळाव्या लागल्या: पांढरा उंट कोपऱ्यात, काळा राजा ई५ वर आणि हत्तींची मारामारी. पहिल्या दोन घडल्या तोवर काही बिघडलं नव्हतं. तिसरी डिंगने स्वतः घडवली.

इथे आणखी एक जुना नियम कामाला येतो. ज्याच्याकडे प्यादं कमी आहे, त्याने प्याद्यांची मारामारी करावी, मोहऱ्यांची टाळावी. शेवटचं प्यादं गेलं की जिंकायला साधनच उरत नाही, म्हणून प्याद्यांची मारामारी बचाव करणाऱ्याच्या फायद्याची. मोहरे गेले की मात्र जास्तीच्या प्याद्याचं वजन वाढतं. डिंगने हा नियम आधी पाळला होता. ४५व्या चालीला त्याने एफ पट्टीतलं प्यादं पुढे करून एक जोडी कमी केली, आणि तीन विरुद्ध दोनची स्थिती दोन विरुद्ध एकवर आणली. दहा चालींनंतर तो हत्तींच्या मारामारीला तयार झाला आणि नियमाच्या उलट गेला.

माजी जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक याने या निकालावर कडक टीका केली. इतक्या बाळबोध चुकीने जगज्जेतेपद ठरावं, हे त्याला रुचलं नाही. चूक साधी होती यात वाद नाही. पण ती ५५व्या चालीला झाली. हत्तींची पहिली जोडी गेल्यापासून म्हणजे ३२व्या चालीपासून गुकेशने तेवीस चाली राजा, हत्ती आणि उंट इकडून तिकडे फिरवत प्रत्येक वेळी डिंगला एक नवा छोटा प्रश्न घातला. त्यातल्या कोणत्याही चालीत त्याने स्वतःला धोका ओढवून घेतला नाही. बरोबरीचा हात पुढे करणं सोपं होतं. सामन्याचे तीन आठवडे डोक्यावर घेऊन बसलेल्या माणसाला तेवीस अचूक उत्तरं द्यायला लावणं हेही बुद्धिबळच आहे. आणि ते शिकण्यासारखं आहे, कारण त्याला असामान्य प्रतिभेपेक्षा चिकाटीच जास्त लागते.

८. इंजिन कधी उघडावं

डिंगचा हत्ती एफ२ वर गेला, तेव्हा जगभर थेट प्रक्षेपण पाहणाऱ्या प्रेक्षकांना चूक लगेच कळली. पडद्याच्या कडेला इंजिनचा, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीचा, मूल्यांकनाचा पट्टा असतो, तो एकदम काळ्याच्या बाजूला झुकला. खेळणाऱ्या दोघांच्या आधी प्रेक्षकांना उत्तर माहीत होतं. पण ते नुसतं उत्तर होतं, कारण नव्हे. कोपरा, ई५ आणि ऑपोझिशन यांबद्दल पट्टा काहीच सांगत नाही.

गुकेशच्या घडणीतली एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्याचे सुरुवातीचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला बरीच वर्षं इंजिनपासून लांब ठेवलं. २०१९ च्या जानेवारीत, वयाची तेरा वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच, तो ग्रँडमास्टर झाला. तिथवरचा प्रवास त्याने मुख्यतः स्वतःच्या डोक्याने हिशेब करत केला. पुढे विश्वनाथन आनंद यांच्या अकादमीचं मार्गदर्शन मिळालं. संगणकही आला, जगज्जेतेपदाची तयारी त्याशिवाय होतच नाही. क्रम मात्र महत्त्वाचा आहे: आधी डोकं, मग संगणक.

घरी डाव अभ्यासताना हाच क्रम पाळता येतो. शेवटच्या पाच-सहा चाली झाकून ठेवायच्या. ती स्थिती मांडून, आपण काय खेळलो असतो हे वहीत लिहायचं. चालीबरोबर एका ओळीत कारणही लिहायचं. मग खरी चाल उघडायची. आपली वेगळी असेल तर दोन्ही पटावर खेळून बघायच्या. कळलं की पाच चाली मागे जाऊन पुन्हा तेच. इंजिन सगळ्यात शेवटी, आणि तेही एखाद्या ठरावीक शंकेसाठी: ‘इथे हत्ती ए४ वर गेला असता तर?’ असा प्रश्न तयार असेल, तरच त्याच्या उत्तराचा उपयोग होतो.

एका डावाला असे दोन-तीन दिवस लागतील. लागू द्यावेत. पन्नास डाव सरकवून पाहण्यापेक्षा असा एक डाव जास्त देऊन जातो.

पुढचा डाव निवडताना नागपूरच्या दिव्या देशमुखकडे वळायला हरकत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिने कोनेरू हंपीला हरवलं. निकाल जलद डावांत लागला. त्या विजयाने ती भारताची ८८वी ग्रँडमास्टरही झाली. वेळ कमी आणि मोहरेही कमी, अशा अवस्थेत निर्णय कसे होतात, हे त्या डावांच्या शेवटाकडून वाचायला घेतलं की दिसतं.

तोवर वाचकाने एक काम करावं. गुकेश-डिंग डावाची ३२व्या चालीची स्थिती मांडावी. पांढरा: राजा जी१, हत्ती डी१, उंट ए८, प्यादी एफ२ आणि जी३. काळा: राजा जी८, हत्ती बी४, उंट ई६, प्यादी एफ७, जी६ आणि एच७. चाल काळ्याची. घरातल्या किंवा वर्गातल्या कुणालाही समोर बसवावं. एकाने बरोबरीसाठी खेळावं, दुसऱ्याने जिंकण्यासाठी. डाव संपला की बाजू बदलून पुन्हा मांडावा. आणि दोन्ही डाव संपेपर्यंत मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.